दुर्बीण की टाके?

मंडळी, या वेळी मोबाइल, ॲप काही नाही. घरातलंच सांगतो.

आमच्या इंदूरच्या आजीला, वय ७८, सारखा थकवा यायचा. 'वयच झालं' म्हणून आम्ही सहा महिने घालवले. मग हिमोग्लोबिन ७ निघालं आणि कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. कॅन्सर.

सर्जन म्हणाले, "दुर्बिणीने करू." बडोद्याचे काका फोनवर म्हणाले, "पोट उघडलं की सगळं नीट दिसतं. भोकांतून काही मागे राहिलं तर?" बाबा गप्प. मी रात्री वाचायला बसलो.

२००४ साली अमेरिकेत ८७२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत कॅन्सर उलटला तो दुर्बीणवाल्यांत १६ टक्के, पोट उघडलेल्यांत १८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. दुर्बिणीला वेळ जास्त, १५० मिनिटं विरुद्ध ९५. पण दवाखान्यातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस.

एका दिवसाने काय होतं? म्हाताऱ्या माणसाला खूप. टाके दुखले की ते खोकत नाहीत, उठत नाहीत. मग छातीत कफ, पायात गुठळी. पण दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, त्याचा ताण हृदयावर आणि फुप्फुसांवर येतो. म्हणून आधी इको केला. आणि त्याच अभ्यासात पाचांतल्या एकाचं पोट शेवटी उघडावंच लागलं होतं.

आजी त्या पाचांतली एक निघाली. पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली होती. तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उघडावं लागतंय." मला हरल्यासारखं झालं. काका मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले.

शुद्धीवर आल्यावर आजीने विचारलं, "फसलं का रे?" सर्जनच म्हणाले, "आजी, हट्टाने दुर्बीण रेटली असती, तर फसलं असतं."

गाठ पूर्ण निघाली. नवव्या दिवशी आजी घरी आली आणि पोह्यात शेव कमी म्हणून रागावली.

तुमच्यावर वेळ आली तर सर्जनना तीनच प्रश्न विचारा: अशी किती ऑपरेशनं केलीत? माझ्या माणसाचं हृदय-फुप्फुस झेपेल? आणि मध्येच उघडायची वेळ कधी येईल?

आणि हो, घरातलं म्हातारं माणूस थकलं, तर वयावर ढकलू नका. आधी रक्त तपासा. आमचे ते सहा महिने मला अजून टोचतात.