बेवारस तोटी

जून 2025 च्या अखेरीस मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या रतलामजवळ एकीपाठोपाठ एक बंद पडल्या. टाक्या खोलल्या तर डिझेलमध्ये पाणी. रातोरात पंपाला सील लागले, इंदूरहून दुसऱ्या गाड्या आल्या आणि पावसाचे पाणी पंपाच्या टाकीत झिरपले असावे, असा खुलासा झाला. त्याच पंपावर डिझेल भरून निघालेला एक ट्रकही थोडे अंतर जाऊन थांबला होता. त्याच्या वाट्याला बातमीतले एखादे वाक्य आले. वास्तविक डिझेलमधल्या पाण्याचे दुखणे मुळात ट्रकवाल्यांचे. फरक इतकाच की त्यांच्याकडे पाणी असे लिटरने येत नाही. थेंबाथेंबाने येते, म्हणून कोणी सील ठोकायला धावत नाही.

हे थेंब येतात कुठून? आधी राजमार्गाने. भारतीय मानकाप्रमाणे एक किलो डिझेलमध्ये 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. 300 लिटर डिझेलचे वजन साधारण 250 किलो. म्हणजे कोणी काही लबाडी केली नाही तरी एका टाकीमागे 50 मिलिलिटरपर्यंत पाणी येऊ शकते, टपरीवरच्या कटिंगपेक्षा थोडे कमी. डिझेल गरम असते तोवर त्यातले काही विरघळून राहते; गार झाले की सुटते आणि तळाशी जाते. दुसरी वाट हवेची. अर्धी टाकी रिकामी ठेवली की रात्री पत्र्याला आतून दव धरते, हे ट्रकच्या धंद्यात सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण हिशेब केला तर 300 लिटरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा 30 अंशांवरून 20 अंशांवर उतरली तरी पाणी सुटते जेमतेम चमचाभर. महिनाभरात त्याची वाटी होते, हे कबूल. तरी मोठा दरवाजा वेगळाच आहे: टाकीचे झाकण. रबर गेलेले झाकण, धुलाई केंद्रावर नेमका त्याच्यावर मारलेला पाण्याचा फवारा आणि भर पावसात बॅरलमधून ओतलेले डिझेल. टाकी फुल ठेवा, असे सांगणारे पुष्कळ. झाकणाचे रबर चेपून पाहणारे थोडे.

या पाण्याला अडवायला टाकी आणि पंपाच्या मध्ये वॉटर सेपरेटर बसवलेला असतो. त्याचे तत्त्व साधे आहे. पाणी डिझेलपेक्षा जड. सेपरेटरमधला फिल्टरचा कागद असा प्रक्रिया केलेला असतो की डिझेल त्यातून पार होते आणि पाणी बाहेरच अडते. अडलेले बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि खालच्या वाटीत उतरतात. वाटीत दोन टोकांचा सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, पाण्यातून वाहते. पाणी त्या टोकांपर्यंत चढले की केबिनमध्ये दिवा लागतो. वाटीच्या बुडाशी एक तोटी असते. ती उघडायची, पाणी काढायचे, बंद करायची. एवढेच काम. पण ते माणसाने करायचे असते. सेपरेटर पाणी वेगळे करतो. बाहेर फेकत नाही. वाटी भरली की तो निव्वळ एक पाइप होतो.

जुन्या इंजिनांनी हा आळस बराच काळ खपवून घेतला. कॉमन रेल इंधनयंत्रणा आल्यावर ती सोय संपली. आता डिझेल 1600 बार आणि त्याहून अधिक दाबाने इंजेक्टरमधून जाते, आणि आतल्या भागांमधली फट असते दोन-चार मायक्रॉनची. या यंत्रणेला वंगण म्हणून वेगळे तेल नाही; वंगण म्हणजे खुद्द डिझेल. त्याच्या जागी पाण्याचा थेंब आला की धातूवर धातू घासतो, गंज धरतो. तापलेल्या नोझलच्या टोकाशी त्याच थेंबाची वाफ झाली तर टोकच फुटू शकते. इंजेक्टरचा संच आणि पंप बदलायची पाळी आली की बिल लाखाच्या घरात जाते, आणि इंधनातल्या पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे मालकाला तेव्हा कळते.

त्यात 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आले. गंधक 50 भागांवरून दशलक्षात 10 भागांवर उतरले. शहरांच्या फुप्फुसांसाठी ते आवश्यकच होते. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणगुण कमी होतो, तो भरून काढायला द्रव्ये मिसळावी लागतात, आणि यातली काही द्रव्ये पाण्याचे थेंब आणखी बारीक करून डिझेलमध्ये धरून ठेवतात. जैवडिझेलचा अंश असेल तर तो स्वतःच पाणी ओढतो. पाणी नि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू-बुरशीचा काळपट, बुळबुळीत थर धरतो आणि फिल्टर चोक करतो. थोडक्यात, सेपरेटरचे काम पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे आणि इंजिनाची सहनशीलता कमी.

आणि नेमक्या याच काळात तोटी उघडणारा माणूस गाडीवरून उतरला. टायरला हातोडी मारणे, पाणी-ऑइल बघणे, खाली वाकून फिल्टरची वाटी रिकामी करणे ही कामे क्लीनरची होती. भाड्यात परवडत नाही म्हणून आज कित्येक गाड्यांवर चालक एकटाच असतो. त्याला माल वेळेत पोचवायचा आहे. उशिराचा दंड त्याच्या अंगावर येतो, इंजेक्टरचे बिल येत नाही. बिल येते मालकाच्या अंगावर, आणि दिवा मालकाला दिसत नाही. दिवा ज्याला दिसतो त्याचा तोटा नाही, तोटा ज्याचा त्याला दिवा दिसत नाही. मग कोणी तरी त्या सेन्सरची वायरच काढून ठेवतो आणि डॅशबोर्ड शांत होतो. चालकाला बेपर्वा म्हणणे सोपे आहे. पण ज्या कामासाठी वेळ दिला नाही आणि पैसा दिला नाही, ते काम कोणाचे असते?

काम दहा मिनिटांचे आहे. कमिन्ससारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत ते रोज करा असे लिहिलेले असते. वेळ सकाळची, इंजिन सुरू करण्यापूर्वी, कारण रात्रभरात पाणी खाली बसलेले असते. तोटीखाली पारदर्शक बाटली धरावी, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे, तोटी हातानेच बंद करावी, पाना लावून आवळू नये. गाडीने एअर घेतली तर हँड प्रायमर मारून हवा काढावी. नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधले डिझेल ओतून भरू नये. ते न गाळलेले डिझेल थेट पंपाकडे जाण्याची भीती असते. निघालेले पाणी गटारात किंवा रस्त्याकडेला टाकायचे नाही, जुन्या ऑइलबरोबर साठवून द्यायचे.

बाटली पारदर्शक का, तर ती साक्षीदार आहे. तळाशी बोटभर पाणी रोजचे. अचानक अर्धी बाटली पाणी म्हणजे कालचा पंप किंवा टाकीचे झाकण. पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि पंपाच्या टाकीतले पाणी पट्टीला खास लेप लावून मोजता येते. तक्रार करायची तर हातात पुरावा हवा. तो या बाटलीत मिळतो. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त द्रवापुढे मात्र सेपरेटरचे फारसे चालत नाही. तो सुटे पाणी पकडतो, भेसळ नाही.

तेव्हा मालकांनी या दहा मिनिटांना हजेरीपटावर जागा द्यावी आणि पगारात दाम द्यावा. सकाळच्या फोनवर ‘कुठे पोचलास’ हे विचारले जातेच. त्याच्याआधी ‘बाटलीत किती निघाले’ हे विचारायला लागा. महिन्याभरात चालक आपणहून सांगू लागेल.