खेळाडू आयात करता येतो, हंगाम नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये सिंगापूरनं भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७च्या एएफसी आशिया चषकाचा भारताचा रस्ता बंद झाला. महिनाभरानं, १८ नोव्हेंबरला, त्याच सिंगापूरनं हाँगकाँगमध्ये जाऊन आणखी एक २-१ विजय मिळवला आणि पात्रता पक्की केली. १९८४ मध्ये सिंगापूर ही स्पर्धा खेळलं होतं, पण यजमान म्हणून. स्वतःच्या जोरावर पात्र होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच संध्याकाळी भारत ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ हरला.

सिंगापूरची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बेरजेपेक्षाही कमी. तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्हा भारतीयांची चेष्टा झाली, ती रास्तच होती. पण चेष्टेनंतर आमच्याच मंडळींनी जो निष्कर्ष काढला, तो मात्र पटला नाही. "त्यांनी बाहेरचे खेळाडू घेतले म्हणून जिंकले. आपणही परदेशातल्या भारतीय वंशाच्या पोरांना घ्या, मग बघा." अनिवासी व्हॉट्सॲप ग्रुपांवर हे वाक्य फार लोकप्रिय आहे. साहजिक आहे, कारण त्यात आपल्या मुलांची सोय आहे! हंगाम संपल्यावर हिशेब मांडायचा तर आधी हाच दावा तपासायला हवा.

वरवर पाहिलं तर दावा खरा वाटतो. फातोर्ड्यावर लालियानझुआला छांगटेनं १४व्या मिनिटाला भारताला आघाडी दिली होती. सिंगापूरचे दोन्ही गोल, ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला, सोंग उई-यंगनं केले. हा मूळचा दक्षिण कोरियाचा. पण तो काही पासपोर्ट हातात घेऊन मॅचच्या आदल्या आठवड्यात विमानातून उतरला नव्हता. २०१२ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, तो इथल्या होम युनायटेड क्लबात आला. नऊ वर्षं इथल्या लीगमध्ये खेळला. २०२१ मध्ये नागरिक झाला आणि त्यासाठी कोरियाचं नागरिकत्व सोडलं, कारण सिंगापूरही भारतासारखंच दुहेरी नागरिकत्व देत नाही. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहितोय. "आपल्याकडे कायदा आडवा येतो" ही तक्रार आपण सतत करतो. कायदा इथेही तितकाच आडवा येतो. फरक एवढाच, की इथे नऊ वर्षं थांबून राहण्यासारखी एक लीग होती.

आता त्याच गटातले बाकीचे संघ बघा. बांगलादेशानं इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमझा चौधरीला आणलं. लेस्टर सिटीचा खेळाडू, नाव मोठं. तो मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्धच पहिल्यांदा खेळला. हाँगकाँगच्या संघात ब्राझीलमध्ये जन्मलेले खेळाडू आहेत. म्हणजे गटातल्या चारांपैकी तीन संघांनी भरती केली होती. पात्र एकच झाला. बाहेरून खेळाडू आणणं हेच उत्तर असतं, तर बांगलादेश आणि हाँगकाँग घरी का बसले?

खुद्द सिंगापूरनंही हा धडा स्वस्तात शिकलेला नाही. परदेशी क्रीडागुणवत्ता आणण्याची योजना इथे १९९३ पासून आहे. २००२ मध्ये क्रोएशियाचा मिर्को ग्राबोवाक आणि ब्राझीलचा एग्मार गोन्साल्विस या दोन गोल करणाऱ्यांना नागरिकत्व दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टायगर कपात, घरच्या मैदानावर, मलेशियानं सिंगापूरला ४-० असं धुतलं. कोचची नोकरी गेली. पुढे २००३ मध्ये राडोयको अव्रामोविच आले आणि २०१२ पर्यंत टिकले. या काळात संघानं आग्नेय आशियाचं विजेतेपद तीनदा मिळवलं. आयात खेळाडू तेव्हाही होतेच. पण आता त्यांना कुठे उभं करायचं, कुणाच्या शेजारी खेळवायचं, हे सलग नऊ वर्षं ठरवणारा एक माणूस होता. ते गेल्यावर पुन्हा कोच बदलत राहिले आणि पुन्हा घसरण झाली. २०१०चा विश्वचषक खेळण्याचं सरकारी स्वप्न तर त्याआधीच विरून गेलं होतं.

यंदाच्या मोहिमेतही कोच बदलला. मार्च आणि जूनच्या सामन्यांना जपानचे त्सुतोमु ओगुरा होते. जूनमध्ये ढाक्यात बांगलादेशाला २-१ हरवलं आणि त्यानंतर त्यांनी वैयक्तिक कारणानं पद सोडलं. आपल्याकडे अशा वेळी काय होतं? जाहिरात निघते, अर्ज येतात, समिती बसते, नवा कोच येऊन जुन्याचं सगळं पुसून टाकतो. इथे त्यांचेच सहायक गॅव्हिन ली यांच्याकडे हंगामी सूत्रं दिली. वय जेमतेम पस्तीस. खेळाडू म्हणून नाव नाही, पण टॅम्पिनिस रोव्हर्स या क्लबाचे कोच म्हणून अनेक वर्षांचं काम पाठीशी. खेळाडू, त्यांच्या सवयी, आधीच्या कोचनं काय पेरलंय, सगळं त्यांना ठाऊक होतं. मडगाव आणि हाँगकाँग, दोन्हीकडे संघ आधी पिछाडीवर पडला आणि मग सामना फिरवला. परक्या मैदानावर दोनदा असं घडतं, तेव्हा त्याला नुसतं नशीब म्हणता येत नाही. पात्रतेनंतर ली यांनाच कायम केलं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला 'हँडओव्हर' म्हणतो. चालू सिस्टीम हातात घेणारा माणूस आतला असेल, तर आदल्या रात्रीपर्यंतची माहिती त्याच्या डोक्यात असते. बाहेरून कितीही हुशार माणूस आणा, पहिले तीन महिने तो कागदपत्रंच वाचत बसतो. आणि कागदपत्रं नसतीलच, तर तो सगळं नव्यानं लिहायला घेतो.

आता भारताचा ताळेबंद. पहिले पाच सामने, दोन बरोबऱ्या, तीन पराभव, शून्य विजय. मोहीम सुरू झाली तेव्हा कोच होते स्पेनचे मनोलो मार्केझ. ते त्याच वेळी एफसी गोवाचेही कोच होते. देशाच्या राष्ट्रीय संघाचं काम अर्धवेळ! त्यांच्या काळात भारतानं एकच सामना जिंकला, तोही मालदीवविरुद्धचा मैत्रीपूर्ण. जुलैमध्ये ते गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. जमील यांनी ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला २०१६-१७ची आय-लीग जिंकून दिली, मुंबई एफसीसारख्या तुटपुंज्या साधनांच्या संघाला वर्षानुवर्षं तगवून धरलं. निवड माझ्या मते योग्यच होती. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा चषकात, त्यांनी ओमानला हरवून तिसरा क्रमांकही मिळवला. पण पात्रता फेरीच्या मध्यावर आलेल्या माणसावर अख्ख्या मोहिमेचं खापर फोडणं अन्यायाचं होईल. संघनिवडीत, ढाक्यातल्या खेळात त्यांच्याही चुका आहेत. त्या मोजायच्या तर एक पूर्ण फेरी त्यांच्या हातात देऊन मोजा.

कोचपेक्षा मोठा प्रश्न आहे तो कोचच्या हाती येणाऱ्या कच्च्या मालाचा. २०२४-२५च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? सुनील छेत्री, १४ गोल. वय चाळिशीला टेकलेलं. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या या माणसाला मार्च २०२५ मध्ये पुन्हा बोलवावं लागलं. दोष त्याचा नाही. क्लब गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूला देतात, कारण क्लबाला पुढचा शनिवार जिंकायचा असतो. भारतीय पोरगा एक तर विंगेवर ढकलला जातो, नाहीतर बाकावर बसतो. म्हणजे भरती आपणही करतोच आहोत. फक्त ती क्लबच्या पातळीवर होते आणि तिची किंमत राष्ट्रीय संघ मोजतो.

आणि २०२५च्या अखेरीस तर लीगच नव्हती. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार ८ डिसेंबरला संपला. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ जुलैपासून चालू होता आणि त्यापायी २०२५-२६चा हंगाम २०२५ संपेपर्यंत सुरूच झाला नाही.  ऑक्टोबरमध्ये भारताचे खेळाडू सिंगापूरशी लढायला उतरले, ते असे लीगच्या सामन्यांविना. समोरच्या संघातले अनेक जण लायन सिटी सेलर्स या क्लबाचे, जो क्लब मे महिन्यात आशियाच्या दुसऱ्या पातळीवरच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळला होता.

आता आपल्या लाडक्या मुद्द्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, आईकडून मुंबईशी नातं असलेल्या रायन विल्यम्सनं नोव्हेंबरमध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. त्याचं मनापासून स्वागत. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडणं ही लहान गोष्ट नाही. आम्ही इथे पीआरचा अर्ज भरतानाही दहा वेळा विचार करतो! पण लक्षात घ्या, तो २०२३ पासून बंगळूर एफसीकडून खेळतोय. त्याच्या आधी जपानमध्ये वाढलेल्या अराता इझुमीनं हेच केलं होतं. तो आपल्या पुणे एफसीकडून खेळत होता, भारताचा नागरिक झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. दोघंही आले ते लीगच्या दारातून. सोंगही तसाच. उद्या लीगच नसेल, तर चांगला अनिवासी खेळाडू कुठल्या दारातून आत येणार? आणि पुणे एफसी तरी आज कुठे आहे? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. महाराष्ट्रात क्लब जन्माला येतात, जिंकतात आणि मालकाचा हिशेब जुळला नाही की गाशा गुंडाळतात. पोरांनी स्वप्न कुठे टांगायचं?

पोरं कमी आहेत असं मात्र कुणी म्हणू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला जी गर्दी होते, ती पाहिली तर सिंगापूर लीगच्या कित्येक क्लबांना हेवा वाटेल. इथल्या लीगमध्ये जेमतेम आठ-नऊ क्लब, बऱ्याच सामन्यांना तुरळक प्रेक्षक, आणि मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा. सिंगापूरला स्वर्ग समजायचं कारण नाही. पण त्यांच्याकडे वेळापत्रक आहे. आपल्याकडे पेठापेठांची ईर्षा आहे, तिला पुढची पायरी नाही.

पायरी मिळाली की काय होतं, याचं उदाहरणही आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, नवी मुंबईतही त्याचे सामने झाले. त्यासाठी मुलांना काही वर्षं एकत्र ठेवून तयार केलं. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्यात रहीम अलीही होता. ९ ऑक्टोबरला सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममध्ये संदेश झिंगनला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी खेळणाऱ्या भारताला ९०व्या मिनिटाला १-१ अशी बरोबरी करून दिली, ती याच रहीम अलीनं. आठ वर्षांपूर्वीच्या पेरणीचं ते पीक. आणि या मुलांना पुढे सामने मिळावेत म्हणून महासंघ जो इंडियन ॲरोज संघ चालवत होता, तो २०२२ मध्ये बंद करून टाकला!

तेव्हा मागण्या साध्या आहेत. कोचला किमान एक पूर्ण पात्रता फेरी द्या, आणि पूर्णवेळ. सहायक कोच भारतीय ठेवा, म्हणजे उद्या वरचा गेला तरी काम थांबणार नाही. लीगचं वेळापत्रक कराराच्या भांडणापासून वेगळं काढा. तरुण भारतीय स्ट्रायकरला खेळवणाऱ्या क्लबाला त्याचा काही फायदा मिळू द्या. महाराष्ट्रात कोल्हापूर, मुंबई, पुणे, नागपूर इथल्या स्थानिक लीगांना एका राज्य लीगमध्ये नीट गुंफा.

आणि आपण अनिवासी मंडळींनी? आपला मुलगा भारताकडून खेळावा असं खरंच वाटत असेल, तर त्यानं भारतात राहून, तिथल्या क्लबाच्या मैदानावर घाम गाळून खेळावं लागेल, सोंगनं इथे गाळला तसा. बहुतेकांच्या घरी या अटीवर उत्तर 'नाही' असंच येईल, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र मग संघात जागा मागू नये. त्यापेक्षा गावाकडच्या एखाद्या तरुण कोचच्या लायसन्स कोर्सची फी भरावी. ज्या तालमीच्या पोरांना बघत आपण वाढलो, तिथे ते पैसे नक्की कारणी लागतील.

आशिया चषक जानेवारी २०२७ मध्ये सौदी अरेबियात आहे. सिंगापूरची माणसं आत्तापासून तिकिटांची चौकशी करताहेत. आपल्याला निदान पुढच्या पात्रता फेरीची तयारी करायला आजपासून वेळ आहे. तो आपण कोच शोधण्यात घालवतो की कोचला काम करू देण्यात, एवढंच बघायचं.