टर्बो विकत घ्या, जोडणी स्वतः करा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पैसे टाकून रेडीमेड मिळतो, हे आता गुपित राहिलेलं नाही. रिपोर्ट, पीपीटी, चालणारं मॉडेल, सगळं एका पॅकेजमध्ये. याच्या बरोबर उलट टोकालाही काही मंडळी असतात. ‘नट-बोल्ट सोडले तर काहीच विकत आणायचं नाही, सगळं आपणच करायचं’ असा त्यांचा हट्ट. माझं म्हणणं असं, की दोन्ही टोकं चुकीची आहेत. हे पटवायला एक अवघड उदाहरण घेऊ: डिझेल ट्रकवरचा कंपाउंड टर्बो. मेकॅनिकलवाल्यांना विषय ओळखीचा वाटेल. बाकीच्यांनी पान उलटू नका, गणित शाळेतलंच आहे.

समजा, तुमच्या ग्रुपमधल्या एकाचं घर मुळशीतल्या चांदे गावात आहे आणि त्याच्या वडिलांचा डंपर आहे. हिंजवडी, माण, म्हाळुंगे या पट्ट्यात बांधकामं थांबायचं नाव घेत नाहीत, त्यामुळे खडी-माती वाहणाऱ्या गाड्यांना काम असतं. भरलेली गाडी पिरंगुटच्या घाटात चढाला लागली की हळू होते, रेंगाळते. ग्रुपमधला एकजण म्हणतो, ‘भावा, कंपाउंड टर्बो लावू. प्रोजेक्टही होईल, काकांची गाडीही पळेल.’ आता प्रश्न येतो: तयार सेटअप विकत आणायचा, की स्वतः बनवायचा?

आधी ही भानगड काय आहे ते बघू. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. मोठा टर्बो भरपूर हवा देतो, पण त्याला वेग पकडायला वेळ लागतो. छोटा चटकन फिरतो, पण वरच्या वेगात कमी पडतो. कंपाउंडमध्ये दोन्ही एकापाठोपाठ जोडतात. बाहेरची हवा आधी मोठ्यात, मग छोट्यात, मग इंजिनात. धूर उलट क्रमाने, आधी छोट्याकडे, मग मोठ्याकडे. गंमत अशी, की दोन्हींचा दाब मिळवायचा नसतो, गुणायचा असतो. मोठ्याने हवा दुप्पट दाबली आणि छोट्याने पुन्हा दुप्पट, तर एकूण चौपट. पण दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा चौपट दाबली, तर आदर्श गणितातही ती १७५ अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात २०० पार होते. म्हणून इंटरकूलर लागतोच.

मग तयार किट विकत घेतलं तर? अमेरिकेत अशी किट्स मिळतात, पण ती तिथल्या ठरावीक पिकअप गाड्यांच्या मापाची असतात. त्यातली एक ओळख आपल्या जवळची आहे. डॉज रॅमच्या पिकअपमध्ये १९८९पासून बसलेलं कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन ज्या कुटुंबातलं, त्याच कुटुंबातली इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटाच्या ट्रकांमध्ये आली. म्हणून अनेकांना वाटतं, किट मागवलं की काम झालं. पण इंजिन भाऊ-भाऊ असली तरी चॅसी, केबिन, रेडिएटरची जागा, पाइपांची वळणं सगळी वेगळी. परदेशातून मागवलेल्या किटचा अर्धा भाग शेवटी इथल्याच वेल्डरकडे कापायला न्यावा लागेल. शिवाय तुम्ही शिकलात काय? बोल्ट आवळायला.

बरं, मग सगळं घरी बनवू. इथे मात्र मी हात जोडतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या पुढे सहज जातो, म्हणजे सेकंदाला दीड हजारांहून जास्त. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याचं बॅलन्सिंग खास मशिनवर होतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या लेथवर हा शाफ्ट दिसायला हुबेहूब बनेल, पण तो बरोबर आहे की नाही हे तपासायचं साधन तुमच्याकडे नाही. तो तुटल्यावरच कळणार. सील गेलं आणि इंजिनाने ते ऑइलच हवेबरोबर ओढायला सुरुवात केली, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरही चालतं, बेफाम वेग घेतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. त्या वेळी शेजारी उभा असलेला मित्र जखमी होऊ शकतो, हे विसरू नका.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याची चूक तुम्हाला आधी मोजता येते, ते बनवा. ज्याची चूक फक्त अपघातानंतर कळते, ते विकत घ्या.

हा नियम लावला की यादी आपोआप तयार होते. दोन्ही टर्बो, ऑइल सील, हेडचे बोल्ट, हेड गॅस्केट आणि मोजमापाची मीटर्स विकत. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, दोन टर्बोंमधले पाइप, ब्रॅकेट, इंटरकूलरची जागा आणि त्यामागचं सगळं गणित तुमचं. आणि हे ‘उरलंसुरलं’ काम नाही हं. अर्ध्या मीटरचा साध्या स्टीलचा पाइप ६०० अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली असतील तर ही वाढ जाणार कुठे? वेल्डला तडा जाणार. म्हणून मध्ये लवचीक बेलो घालावा लागतो. टर्बोमधलं ऑइल आपल्या वजनाने खाली परत येतं, म्हणून परतीचा पाइप जाड आणि उताराचा हवा. तो वर-खाली वळवला की ऑइल तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. या गोष्टी किटच्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात. त्या तुम्हाला काढाव्या लागतात, आणि व्हायवाला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात.

आता काकांच्या डंपरचं. त्याला हात लावायचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकात नोंदलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये धूर साफ करणारी यंत्रणा आणि ईसीयू एकमेकांना बांधलेले आहेत. तिथे टर्बो बदलणं म्हणजे सगळी घडी विस्कटणं. आणि त्या गाडीचा हप्ता चालू असतो. तुमच्या सबमिशनसाठी एका घराची रोजीरोटी टांगणीला लावायची नाही. प्रयोग करायचा तर जुन्या बाजारातलं, साध्या डिझेल पंपाचं इंजिन आणा, कॉलेजच्या टेस्ट बेंचवर बांधा, हवेची वाट झटकन बंद करणारी झडप बसवा, आणि सर समोर असतानाच चालू करा.

‘मग टर्बो विकतचाच, तर आमचं त्यात काय?’ असं कुणी विचारेलच. बाहा एसएईइंडियाची स्पर्धा आठवा. तिथे पेट्रोल गाड्यांच्या गटात सगळ्या संघांना सारखंच इंजिन असतं आणि त्यात फेरफार करायला मनाई असते. तरी कुणी म्हणतं का, की गाडी त्या पोरांनी बनवली नाही? पुण्याचा उद्योगही असाच वाढला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. डिझेल इंजिन बनवण्याचा अनुभव घरात असूनही किर्लोस्करांनी १९६२मध्ये कमिन्सशी भागीदारी केली, कारण जे त्यांच्याकडे तयार होतं ते पुन्हा शून्यातून शोधण्यात शहाणपण नव्हतं. घेतलेल्या तंत्रावर पुण्यातल्या हातांनी काम केलं आणि हात तयार झाले.

सगळंच विकत घेणाऱ्याला काय विकत घेतलं ते कळत नाही. सगळंच बनवणाऱ्याला काय बिघडलंय ते कळत नाही. तुम्हाला दोन्ही कळायला हवं, कारण उद्या नोकरीत तुम्हाला पहिल्या वर्षापासून हाच प्रश्न पडणार आहे: हे आपण करायचं, की बाहेरून आणायचं?

तेव्हा ग्रुपचे पैसे जमले की पहिली खरेदी टर्बोची करू नका. आधी धुराचं तापमान, हवेचा दाब आणि छोट्या टर्बोच्या आधीचा धुराचा दाब दाखवणारी तीन मीटर्स आणा. ती आहे त्या इंजिनावर लावून आठवडाभर आकडे लिहा. काय बनवायचं आणि काय विकत आणायचं, ते त्या वहीतून बऱ्यापैकी स्पष्ट होईल.