हजारो सोसायट्यांचा हिशेब एकाच टेबलात; मग तुमचा डेटा वेगळा कसा राहतो?

सोसायटीचा मेंटेनन्स, क्लासची फी, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सगळं आता ॲपवर आहे. पण प्रत्येक सोसायटीसाठी कंपनी वेगळं ॲप बनवत नाही. सॉफ्टवेअर एकच असतं आणि अनेकदा डेटाबेसही एकच. अशा प्रत्येक ग्राहक संस्थेला 'टेनंट', म्हणजे भाडेकरू म्हणतात.

डेटा वेगळा ठेवतात कसा?

याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डेटाबेस. ही सुरक्षित, पण महाग. दुसरी, डेटाबेस एक, पण प्रत्येकाची टेबलं वेगळी. तिसरी सगळ्यात स्वस्त: टेबलही एकच, फक्त प्रत्येक ओळीवर ग्राहकाचा क्रमांक.

तिसऱ्या पद्धतीत माहिती मागवताना दर वेळी 'फक्त सोसायटी क्रमांक 42 च्या ओळी दे' अशी अट घालावी लागते. ॲपमध्ये अशा शेकडो ठिकाणी माहिती मागवली जाते. त्यातल्या एका ठिकाणी प्रोग्रामर अट विसरला, की 42 क्रमांकाच्या सोसायटीला 43 ची थकबाकी, नावं आणि फोन नंबर दिसू शकतात. ॲप बंद पडत नाही, एररही येत नाही. त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

यावर उपाय काय?

ही अट प्रोग्रामरच्या लक्षात राहण्यावर न सोडता थेट डेटाबेसवर सोपवता येते. याला 'रो लेव्हल सिक्युरिटी' म्हणतात. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसमध्ये ही सोय 2016 पासून आहे. नियम एकदा लावला की अट विसरली तरी दुसऱ्याच्या ओळी मिळत नाहीत.

मात्र हा नियम चालू करावा लागतो आणि नीट लिहावा लागतो. शिवाय टेबलाच्या मालक खात्याला तो आपोआप लागू होत नाही. ॲप त्याच खात्याने चालत असेल, तर कुलूप असून नसल्यासारखंच.

हा धोका खरा आहे का?

एआयच्या मदतीने ॲप बनवून देणाऱ्या 'लव्हेबल' या स्वीडिश कंपनीचं प्रकरण मे 2025 मध्ये समोर आलं. तिथे बनलेल्या 1,645 ॲप्सची तपासणी झाली. त्यातल्या 170 ॲप्समध्ये हे ओळींचे नियम नव्हते किंवा अपुरे होते. त्यामुळे लॉगिन न करताही इतरांची माहिती वाचता येत होती. कंपनीची भूमिका होती की, ॲपमधला डेटा जपण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्या ग्राहकाची आहे.

भारतात जबाबदार कोण?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार, डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जी संस्था ठरवते, ती जबाबदार. काम बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीला दिलं म्हणून तिची सुटका होत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून, संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात.

म्हणून ॲप घेताना सोसायटीच्या कमिटीने किंवा क्लासचालकाने किमतीसोबत तीन प्रश्न विचारायला हवेत. आमचा डेटा इतरांच्याच टेबलात आहे का? तो वेगळा ठेवण्याचा नियम डेटाबेसमध्ये आहे, की फक्त ॲपच्या कोडमध्ये? आणि एका ग्राहकाच्या लॉगिनने दुसऱ्याचा डेटा उघडून पाहण्याची चाचणी शेवटची कधी झाली?