बग, बोनेट आणि घासणी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मामांचे दोनशे रुपये कापले. कारण काय, तर गाड्यांवर ओरखडे. कुणीतरी ग्रुपवर मेसेज टाकला, पाच जणांनी अंगठा दाखवला (इमोजीचा, आणि मराठीतल्या अर्थानेही), विषय संपला.

त्या पाचांत एक अंगठा माझा होता. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

तर झालं असं. जूनमध्ये एका लग्नाहून, नागपूरहून परत येत होतो. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, समृद्धी महामार्ग, रात्रीची वेळ, काटा १२० वर. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून हजारोंनी बाहेर पडतात आणि उजेड दिसेल तिकडे झेपावतात. त्या मिट्ट काळोखात उजेड कुणाचा? माझ्या हेडलाइटचा! पुण्यात पोचेपर्यंत बंपर, बोनेटची कड, आरसे, सगळीकडे वाळलेल्या पिठल्यासारखा थर. गाडी लावली आणि झोपलो.

सोमवारी पावसाने दडी मारलेली. गाडी दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये, कडक उन्हात. मंगळवारी तेच. बुधवारी रात्री किचनमधली हिरवी घासणी आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन खाली उतरलो, दहा मिनिटांत 'इश्यू क्लोज्ड'. शनिवारी उन्हात बघतो तर बंपरवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. डोक्यात पहिला विचार काय यावा? हे मामांचंच काम! आपल्या कोडमधला बग दुसऱ्याच्या नावावर टाकायची सवय वीकएंडलाही सुटत नाही, दुसरं काय.

नंतर जरा वाचून काढलं (हे आधी करायला हवं होतं, पण असो). गाडीवरचा कंपनीचा रंग, सगळे थर मिळून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसापेक्षाही पातळ पापुद्र्यात आहे आणि तिथे मी करपलेला कुकर घासायची घासणी चालवली. त्या घासणीत कठीण कण मुद्दाम घातलेले असतात. ती तिचं काम चोख करते.

किडा आपटून फुटला की त्याच्यातली प्रथिनं वाळून गोंदासारखी चिकटतात. वर पत्रा तापला की तो चिकटा क्लिअर कोटलाच खायला लागतो. मग किडा निघतो, डाग राहतो. म्हणजे उशीर केला तरी नुकसान, जोर केला तरी नुकसान. मी दोन्ही केलं.

खरं तर उपाय आपल्या घरातच रोज होतो. भाताचं पातेलं आई कधी कोरडं घासते का? पाणी घालून ठेवते. गाडीचंही तेच. गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. जुना टॉवेल ओलाकच्च करून डागांवर पांघरायचा, पाच-दहा मिनिटं, मधे वाळू द्यायचा नाही. मग गाडीचा शांपू आणि मऊ मायक्रोफायबर, हात अगदी हलका, फडक्याची घडी सतत बदलायची. नाही निघालं? परत भिजवायचं. हेडलाइटची 'काच' प्लास्टिकची असते, तिलाही घासणी लावू नका, धुरकट होते. आणि तो टूथपेस्टचा फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका. टूथपेस्टमध्येही घासणारी पूड असते. सिरॅमिक कोटिंगवाल्याने काही सांगितलं तरी कोटिंगने धुणं सोपं होतं, टळत नाही.

आता मामांकडे येतो. मामांकडे बावीस गाड्या आहेत. पहाटे पाचला सुरुवात, आठच्या आत सगळ्या चकाचक हव्यात. टँकर परवडत नाही म्हणून सोसायटीने त्यांना पाणी ठरवून दिलंय, चार बादल्या. सहाव्या-सातव्या गाडीपर्यंत त्या पाण्याचा चिखल होतो, त्याच फडक्यातली माती पुढच्या गाडीवर फिरते. हे आम्हा सगळ्या इंजिनीअर लोकांना दिसतं. गाडीमागे महिन्याला पाचशे, म्हणजे दिवसाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. पाणी द्यायचं नाही, वेळ द्यायचा नाही आणि ओरखडा मात्र त्यांच्या खात्यावर!

कुणी म्हणेल, पाणी आणायचं कुठून? पण गाडी रोज पुसायला सांगितलंय कुणी? ऑफिसला जाऊन आलेल्या गाडीवर नुसती धूळ असते आणि धूळ अपुऱ्या पाण्यात रोज पुसण्यानेच ओरखडे पडतात. रोज बावीस पुसण्याऐवजी रोज चारच गाड्या नीट धुवा, प्रत्येकी दोन बादल्या. प्रत्येकाचा नंबर आठवड्यातून एकदा येईल. पाणी चाराऐवजी आठ बादल्या लागेल, मान्य. क्लबहाऊससमोरच्या लॉनला पाणी कमी पडलेलं मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एक गोष्ट लिहायची टाळत होतो. त्या सोमवारी सकाळी मामा मला म्हणाले होते, "साहेब, एक बादली जास्तीची द्या, हे आत्ताच भिजवून काढतो. ऊन लागलं की बसेल." मी घड्याळ बघत म्हणालो, "राहू द्या मामा, कॉल आहे, नुसती काच पुसा."

परवा ग्रुपवर लिहिलं की माझ्या गाडीवरचे ओरखडे माझे आहेत आणि मामांचे दोनशे परत करा. निळ्या टिका भरपूर आल्या, अंगठा एकही नाही. मग मीच दोनशे रुपये घेऊन खाली गेलो. मामांनी नोटा बघितल्या, फडकं पिळलं आणि म्हणाले, "तुमच्या खिशातले नकोत साहेब. जिथून कापले तिथूनच येऊ द्या."

येत्या रविवारी मीटिंग आहे. विषय लेखी दिलाय.