मोहाच्या बहरात तोरणमाळ

खान्देशात राहणाऱ्याला सातपुडा रोज दिसतो. चोपडा, यावल, रावेरकडच्या घरांच्या गच्चीवरून तर तो उत्तरेला भिंतीसारखा उभा असतो. तरी आपल्यापैकी किती कुटुंबे त्या डोंगरावर जाऊन आली आहेत? सुट्टी लागली की मामूंकडे, खालांकडे जाणे होते, एखाद्या उरुसाला जाणे होते, फार तर अजिंठा-वेरूळ. डोंगर तेवढा राहून जातो. म्हणून या महिन्यात आम्ही तोरणमाळबद्दल लिहीत आहोत, आणि तेही मार्चमधल्या तोरणमाळबद्दल, जेव्हा मोह फुलतो.

तोरणमाळ आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नवा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा असा रस्ता आहे. शहाद्यापासून पुढे सुमारे ५५ किलोमीटर, आणि शेवटी वळणावळणाचा घाट. वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. खाली जळगावात पंखे फिरू लागलेले असतात तेव्हा वर रात्री शाल लागते. मोठा यशवंत तलाव, खोल सीता खाई आणि भोवती पावरा व भिल्ल लोकांची वस्ती, असे हे ठिकाण आहे.

नावातच रानफळ आहे. तोरण हे बोरीच्या जातीचे काटेरी झुडूप. थंडीत त्याला बारीक फुलांचे घोस येतात आणि उन्हाळ्यात पांढरी गोड फळे. मार्चमध्ये घाट चढताना पळस लाल झालेला दिसतो, चारोळीच्या झाडांवर हिरवी फळे धरलेली असतात आणि मोहाची पाने गळून फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके आलेले असतात. मोहाची फुले पहाटे गळतात. उजाडता उजाडता झाडाखाली पांढरट, रसरशीत फुलांचा सडा पडतो आणि बायका-मुले टोपल्या घेऊन तो वेचतात. झाडाचे यात काही जात नाही. गळते ती फक्त फुलाची गोड पाकळी. फळ धरायचा भाग फांदीवरच राहतो. पुढे त्याचे फळ होते आणि बियांचे तेल काढतात.

तोरणमाळ नाथपंथी जोग्यांचेही ठिकाण आहे. गोरखनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. चीनमध्ये वुडांगसारख्या डोंगरांवर ताओ साधक श्वासाची आणि शरीराची साधना करीत राहिले, तसेच आपल्याकडे नाथजोगी. काही वाचक म्हणतील, मग आपले तिथे काय काम? त्यांना आम्ही एक गोष्ट सांगू. सोळाव्या शतकातले शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी जोग्यांची साधना सांगणारा 'अमृतकुंड' हा ग्रंथ फारसीत 'बहरुल हयात' या नावाने आणला. त्यांच्या सिलसिल्याचे बुजुर्ग पुढे आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात राहिले. आपला दीन न सोडता दुसऱ्याचे ज्ञान नीट समजून घेण्याचा रिवाज आपल्या बुजुर्गांनीच घालून दिला आहे. पाहायला जाणे म्हणजे पूजेला जाणे नव्हे. जिथे जाऊ तिथला अदब राखला म्हणजे झाले.

आता मोहाबद्दल थोडे. आमच्या वर्गात एका तडवी मुलीने निबंधात लिहिले की तिची दादी मार्चमध्ये मोह वेचते. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'दारूवाली' म्हणाले. मुलगी खाली बसली आणि त्या तासाला पुन्हा तिने तोंड उघडले नाही. मुले जे बोलली ते घरातूनच आले होते. आपल्या घरांत मोह म्हटले की भट्टी आणि बाटलीच आठवते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांचा मुद्दाम उल्लेख आहे, म्हणजे सरकारच्या नजरेतही हे फूल संशयितच होते. पण डोंगरातल्या घरांत ही फुले वाळवून ठेवतात. वाळली की ती मनुक्यासारखी दिसतात. भाजून खातात, भाकरीच्या पिठात घालतात, लाडू करतात. टंचाईच्या दिवसांत या फुलांवर घरे जगली आहेत. दारू द्राक्षांचीही होते आणि खजुरांचीही होते, म्हणून आपण खजुराने रोजा सोडणे थांबवलेले नाही. हराम ती दारू आहे. फूल नव्हे, आणि ते वेचणारी दादी तर नव्हेच नव्हे.

तडवी भिल्ल हे आपलेच दीनी भाऊ आहेत. यावल, रावेर, चोपड्याच्या पायथ्याशी त्यांची गावे आहेत. ते अनुसूचित जमातीत मोडतात आणि इस्लाम मानतात. शहरातल्या आपल्या कार्यक्रमांत, रिश्त्यांच्या बोलण्यात मात्र ते क्वचितच दिसतात. ईदच्या शीरखुर्म्यात आपण जी चारोळी घालतो ती अशाच रानातून येते. काळी पिकलेली फळे वेचायची, भिजवून चोळून गर काढायचा, बी वाळवायची, मग जात्यात बेताने कवच फोडायचे, तेव्हा कुठे वाटीभर दाणे मिळतात. दुकानात आपण भावावरून कुरकुर करतो, त्या भावामागे एवढे हात असतात.

ही झाडे कमी होऊ नयेत ही काळजी आता आपलीही आहे. फळे पिकण्याआधीच तोडली किंवा फांद्याच छाटल्या की चारोळीचे झाड थकते आणि नवी रोपे उगवत नाहीत. मोहाखालचा पालापाचोळा जाळला तर फुले वेचणे सोपे होते, पण एखादी ठिणगी उडून डोंगर पेटतो. झाडाखाली जुने कापड किंवा जाळी पसरली तर जाळण्याची गरजच उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर तिथल्या लोकांचा हक्क मानला आहे. म्हणजे ते रान बेवारस नाही.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. घाट उजेडात चढावा-उतरावा. चूल पेटवू नये. डबा घरूनच न्यावा, कळण्याची भाकरी आणि ठेचा दोन दिवस टिकतो. वाळत घातलेल्या मोहावरून चालू नये आणि विचारल्याशिवाय फळ तोडू नये. चारोळी घ्यायची तर वेचणाऱ्याकडूनच घ्यावी आणि घासाघीस करू नये.

आणि मुलांना बरोबर न्यावेच. पहाटे फजरनंतर त्यांना मोहाच्या झाडाखाली उभे करावे आणि फुले वेचणाऱ्या आजीबाईंना त्यांनी स्वतः सलाम किंवा नमस्कार करून विचारावे, हे फूल कशाला वापरता? उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकलेले मूल वर्गात पुन्हा तसे हसणार नाही.