वाघ कोणी बनवला?

मल्टिप्लेक्समधली एक गोष्ट माझ्या जाम डोक्यात जाते. सिनेमा संपला की लगेच लाइट लागतात, सफाईवाले आत येतात, आणि पडद्यावर नावं सरकत असताना अख्खं थिएटर पाठ फिरवून पार्किंगकडे पळत सुटतं. मी बसून राहतो. मित्र ओरडतात, "चल ना, संपला पिक्चर!" अरे, संपला कुठे? कोणी बनवला ते आत्ता तर सांगताहेत!

'लाइफ ऑफ पाय' (२०१२) कोणाचा, असं कोणालाही विचारा. "अँग लीचा!" बरं, मग त्यातला वाघ कोणाचा? इथे सगळे गप्प.

होडीतले बरेचसे प्रसंग तैवानमध्ये, पाण्याच्या भल्यामोठ्या टाकीत शूट झाले. सूरज शर्मासमोर वाघ नव्हताच. मोजके शॉट्स सोडले तर रिचर्ड पार्कर कॉम्प्युटरवर जन्मला. कोणी सांगाडा हलवला, कोणी स्नायू, कोणी नुसते ओले केस. हे काम मुख्यतः लॉस एंजलिसच्या 'रिदम अँड ह्यूज' स्टुडिओचं. त्यांची ऑफिसं मुंबई-हैदराबादलाही होती.

२४ फेब्रुवारी २०१३ ला सिनेमाला चार ऑस्कर मिळाले. त्यातलं एक इफेक्ट्सचं. ते घ्यायला आलेला माणूस स्टुडिओच्या अडचणीबद्दल बोलू लागला, तर 'जॉज'चं संगीत वाजवून त्याचा माइक बंद केला! अडचण काय, तर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. दोनशेहून जास्त लोकांची नोकरी गेली होती. बाहेर रस्त्यावर शेकडो इफेक्ट्सवाले निदर्शनं करत होते. आणि सिनेमाची जगभरातली तिकीटविक्री? साठ कोटी डॉलरच्या वर.

हे कसं होतं ते आपल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. फिक्स्ड बिड! रक्कम आधी ठरते. मग "आकाश जरा बदला", "लाट मोठी करा" सुरू. रिलीजची तारीख हलत नाही, जादा रात्रींचे पैसे स्टुडिओच्या खिशातून, आणि नफ्यात वाटा शून्य. ओळखीचं वाटतंय ना? :-) हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक, लेखक, नट, कॅमेरामन सगळ्यांच्या संघटना. इफेक्ट्सवाल्यांची तेव्हा नव्हती. मार्व्हलच्या इफेक्ट्सवाल्यांनी युनियनसाठी मतदान केलं ते थेट २०२३ मध्ये.

"पण व्हिजन डायरेक्टरचंच असतं ना?" मान्य. अँग लीशिवाय हा सिनेमा झाला नसता. पण वाघाशिवाय झाला असता का? आमच्या एका मॅनेजरनेही क्लायंटसमोर "माझं व्हिजन" म्हणून जो मॉड्यूल दाखवला, त्यासाठी आम्ही चौघे तीन शनिवार ऑफिसात होतो. व्हिजन त्याचं, शनिवार आमचे.

आपल्याकडेही वेगळं काय? 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) दादासाहेब फाळक्यांचा. फिल्मला छिद्रं पाडणाऱ्या, ती धुणाऱ्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करणाऱ्या सरस्वतीबाई आपल्यातल्या किती जणांना माहीत आहेत?

नाव म्हणजे नुसतं कौतुक नाही हो. नाव म्हणजे पुढचं काम, पुढचा पगार, आणि "नाही, एवढ्यात परवडत नाही" म्हणायची ताकद. ज्याचं नाव कोणी वाचत नाही, त्याला आधी कात्री लागते.

तेव्हा पुढच्या वेळी पाच मिनिटं बसा. पार्किंगमधली रांग तशीही कुठे पळून जात नाही.